परसदार : थंडीच्या तोंडावर कांद्याची लागण



मागच्या अंकात आम्ही मेथी आणि पुदिन्याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या निरोपांत मेथीबद्दल एकही प्रश्न नव्हता. कराडच्या एका भगिनीने, मिरजेच्या दोघींनी आणि आमच्याच गल्लीतल्या एका काकूंनी विचारले ते कांद्याबद्दल : "रोपं तयार आहेत, पण परत थंडी पडणार म्हणतात. आता लावू, का थंडी गेल्यावर लावू?"

हाच प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात पडला होता. त्याचे उत्तर आम्ही चुकीचे काढले, आणि बरोबर उत्तर माहीत असलेले माणूस घरातच बसलेले असताना चुकीचे काढले. म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहीत आहोत.

आमचे घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. मागच्या बाजूला जेमतेम अर्धा गुंठा मोकळी जागा. तिच्यात एक शेवगा, एक कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि उरलेल्या जागेत वाफे. सासर बागवानांचे. बागवान म्हणजे बाग राखणारा. पण सातारा, कराड, मिरज या गावांतल्या बागवानांच्या कित्येक पिढ्या बाग राखण्यापेक्षा मंडईत फळे आणि भाजी विकण्यातच गेल्या. आमच्या सासऱ्यांनीही चाळीस वर्षे कांदा, बटाटा आणि लसूण विकला. त्यांच्या पश्चात गाळा गेला, तराजू माळ्यावर गेला. आमच्या सासूबाई, ज्यांना घरात सगळेच अम्मी म्हणतात, त्या मात्र अजूनही कांदा हातात घेतला की अंगठ्याने त्याची मान दाबून बघतात. मान घट्ट लागली तर "टिकेल", मऊ लागली तर "आजच्या कालवणात घाला".

माहेर तासगाव तालुक्यातले. भाईजान तिथे दुसऱ्याच्या द्राक्षबागेची देखभाल करतात आणि बांधाकडेच्या तुकड्यावर घरापुरता कांदा करतात. तरू ते टाकतात आणि त्यातल्या काही जुड्या साताऱ्याला येतात. आमच्या लग्नापासूनचा हा रिवाज आहे. माहेरून बहिणीला साडी येते तशी आम्हाला कांद्याची रोपे येतात, आणि खरे सांगायचे तर साडीपेक्षा त्यांचीच वाट जास्त बघतो.

ज्यांना शेतीचा फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कांद्याचे आपल्याकडे तीन हंगाम. पावसाळ्यात लावून दिवाळीच्या आगेमागे निघतो तो हळवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावून थंडीत पोसतो तो रांगडा. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तरू टाकून डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ज्याची लागण होते, तो गरवा म्हणजेच उन्हाळी. हा एप्रिल-मे महिन्यात निघतो आणि साठवणीला टिकतो. फलटण, खटाव, माण भागातले शेतकरी चाळीत भरून ठेवतात तो हा, आणि पावसाळ्यात लोणंदच्या बाजारात गोण्यांनी येतो तोही बहुतेक हाच. परसात लावायचा तर गरवाच लावावा. बाकीचे दोन बाजाराचे कांदे आहेत.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. तरू ऑक्टोबरच्या अखेरीस पडले होते. म्हणजे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रोपे लागणीला आली. पण शाळेचे स्नेहसंमेलन निघाले, मग नणंदेच्या मुलीचे लग्न निघाले आणि जानेवारी उजाडला. आता लावू म्हटले, तर पेपरात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचा फोटो आला. महाबळेश्वरात पांढरे दिसले की साताऱ्यात लोक कानटोप्या शोधायला लागतात. आम्ही फोनवर दोन व्हिडिओ पाहिले आणि ठरवून टाकले की कोवळी रोपे अशा थंडीत लावणे म्हणजे तान्ह्या मुलाला अंगणात निजवणे. भाईजानना सांगितले, "एवढ्यात उपटू नका. थंडी गेली की मागवून घेतो."

भाईजान म्हणाले, "अगं, थंडीला द्राक्षं भितात. कांदा कशाला भिईल?" पण बहिणीने आग्रह धरला की भाऊ ऐकतोच.

रोपे आली ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. शंभरीला टेकलेली. उंच, जाड, हिरवीगार. बघून आम्हाला तर आनंदच झाला. अम्मींनी एक जुडी मांडीवर घेतली, एक रोप बोटांत फिरवले आणि म्हणाल्या, "ये रोपां नईं दुल्हन, पेन्सिलां हैं. इनकू डेंगळे आते."

आम्ही त्यांना समजावले की मोठे रोप म्हणजे जोमदार रोप. मास्तरकीच्या माणसाला समजावण्याची सवय असते, समोर कोण आहे हे तो बघत नाही. अम्मी काही बोलल्या नाहीत. उठून वजूला गेल्या.

मार्च संपता संपता डेंगळे आले. डेंगळा म्हणजे कांद्याच्या मधोमध उभा राहणारा पोकळ, मध्येच फुगलेला दांडा. त्याच्या टोकाला पातळ कागदात गुंडाळल्यासारखी कळी असते. ती फुटली की पांढऱ्या फुलांचा चेंडू. दिसायला देखणा असतो. आमच्या धाकट्याने तर फुले आली म्हणून टाळ्या वाजवल्या. पण दांडा वर येतो तो खालच्या कांद्याच्या जिवावर. कांदा पोसत नाही, आत लाकडासारखा गाभा धरतो आणि साठवला की आधी तोच सडतो. सुमारे १२०० रोपे लावली होती. त्यांतल्या चारशेच्या वर रोपांना डेंगळे आले. उरलेल्यांना पोसायला वेळच मिळाला नाही, कारण लावायलाच फेब्रुवारी उजाडला होता. सुपारीपेक्षा थोडे मोठे, एवढेच. पन्नास किलोची आशा होती, टिकाऊ असा कांदा निघाला २० किलो. बकरी ईदच्या आधीच संपला. त्या दिवशी बिर्याणीवर घालायचा तळलेला कांदा बाजारच्या कांद्याचा होता. अम्मींनी तो चिरला, पण एक शब्दही काढला नाही. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

बाजारच्या कांद्याचे आपल्या हातात काही नसते, हेही इथे सांगायला हवे. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. त्या काळात आमच्या साताऱ्याच्या घरात कांदा स्वस्त आला म्हणून बरे वाटत होते आणि तासगावच्या घरात भाईजान भाव पडले म्हणून कपाळाला हात लावून बसले होते. एकाच आईच्या दोन लेकरांची ही तऱ्हा. परसातला कांदा या भानगडीत नसतो. त्याचे नुकसान झाले तर ते आपणच केलेले असते.

तर चूक कुठे झाली? उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही कृषी विभागाच्या पुस्तिका आणि राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची माहिती वाचून काढली. भाईजानशीही बोललो. त्यातून समजले ते असे.

कांदा हे मुळात दोन वर्षांचे झाड आहे. पहिल्या वर्षी ते पोटात साठवते, म्हणजे आपण खातो तो कांदा धरते. मग मध्ये हिवाळा जातो आणि दुसऱ्या वर्षी साठवलेले खर्चून फूल आणि बी धरते. हिवाळा गेला की नाही हे त्याला थंडीवरून कळते. पारा दहा अंशांच्या आसपास काही आठवडे रेंगाळला की झाड समजते, आपले पहिले वर्ष संपले, आता फुलावर जायचे. पण हा निरोप प्रत्येक रोपाला पोहोचत नाही. रोप अगदी लहान असेल तर थंडी त्याच्या अंगावरून निघून जाते. पहिलीच्या मुलाच्या हातात दहावीच्या परीक्षेचे वेळापत्रक दिले तर तो त्याची होडी करून पाण्यात सोडेल. नववीच्या मुलाला तेच दिले तर त्याची झोप उडेल. रोपांचेही तसेच. अगरबत्तीच्या काडीहून थोडे जाड रोप थंडीत होडी करून खेळते. पेन्सिलीएवढे झालेले रोप परीक्षेला बसते. रांगड्या कांद्याला डेंगळे आणि जोडकांदे जास्त का येतात, तेही यातून कळेल. ऐन थंडीत तो चांगला मोठा झालेला असतो.

म्हणजे ज्या थंडीपासून आम्ही रोपे वाचवायला निघालो होतो, तीच थंडी ती रोपे तासगावच्या वाफ्यात उभी राहून, जाड होत होत, अंगावर घेत होती. शिवाय वाफ्यात दाटीने उभी. साताऱ्यात आली तेव्हा डेंगळा त्यांच्या पोटात ठरलेला होता. नंतर आम्ही पाणी दिले, खत दिले, कौतुक केले. त्याने काय होणार?

अम्मींना यातले काहीच वाचायला लागले नव्हते. मंडईत डेंगळ्या कांदा आला की तो आधी काढायचा आणि स्वस्त द्यायचा, एवढे त्यांना माहीत होते. आणि तो कोणत्या रोपाचा होतो, हे शेतकऱ्यांकडून चाळीस वर्षे ऐकलेले होते.

यंदा पाऊस लांबला, त्यामुळे तरू पडायला नोव्हेंबरचा शेवट आला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रोपे ५० ते ५५ दिवसांची झाली. उन्हाळी कांद्याला हेच वय सांगतात. आणि नेमके त्याच आठवड्यात हवामान खात्याने थंडी वाढणार असे सांगितले. उत्तरेकडून कोरडे वारे येणार, आकाश निरभ्र राहणार. ढग असले की रात्री जमिनीची ऊब पांघरुणाखाली राहते. आकाश मोकळे असले की ऊब वर निघून जाते, हे आपण भूगोलात शिकवतोच. सातारा सांगलीपेक्षा उंचावर आहे आणि आमची जागा डोंगराच्या पायाशी. रात्री डोंगरावरची गार हवा उतरून खाली साचते. आमच्या परसात तासगावपेक्षा थंडी दोन-तीन अंश जास्तच असणार.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट ठरलेली होती. अम्मींच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मंगळवारी होते. डाव्या डोळ्याने त्यांना आधीपासूनच फक्त उजेड कळतो. डॉक्टरांनी बजावले होते, नंतर काही आठवडे वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, डोळ्यात पाणी आणि धूळ जाऊ द्यायची नाही. आम्ही म्हणालो, "अम्मी, ऑपरेशन होऊ द्या, थंडी जाऊ द्या, मग बघू." गेल्या वर्षीचेच वाक्य पुन्हा तोंडातून निघाले! अम्मी म्हणाल्या, "रविवारी लागण करायची. भाईला फोन लाव."

हे सांगताना त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून नव्हे.

शनिवारी संध्याकाळी भाईजाननी वाफ्याला पाणी देऊन रोपे उपटली. ओल असली की मुळे तुटत नाहीत. ओल्या गोणपाटात गुंडाळून भाच्याच्या हाती दिली. तो साताऱ्यात कॉलेजला आहे, रविवारी पहाटेच्या एसटीने आला. त्याच्या सगळ्या कपड्यांना कांद्याचा वास लागला होता. एसटीत शेजारी कोणी बसले नाही, तेवढी खिडकीची जागा मिळाली म्हणाला.

अम्मी पाटावर बसल्या, पुढ्यात परात घेतली आणि जुड्या सोडून एकेक रोप बोटांत फिरवू लागल्या. मानेशी चिमूट धरायची, फिरवायची आणि टाकायची. तीन ढीग झाले. दोऱ्यासारखी बारीक ती एकीकडे, बेताची ती मध्ये, आणि आपसूक जाड झालेली पन्नास-साठ तिसरीकडे. डोळे मिटलेलेच होते. सातवीतली आमची मुलगी शेजारी बसून तपासून बघत होती. म्हणाली, "दादी, एकपण चुकलं नाही." अम्मी म्हणाल्या, "तू बघ नको. हातात घे." मग तिनेही डोळे मिटले. तिची तीन-चार चुकली, अम्मींनी परत टाकली.

जाड रोपे फेकली नाहीत. ती कडेने लावली पातीसाठी. पात खुडून खायची असली तर डेंगळ्याची भीती नाही.

लागणीची रीत लिहून ठेवतो, कारण तीन पत्रांत तेच विचारले आहे. वाफा सपाट असावा, माती हाताने चुरली जाईल अशी. चांगले कुजलेले शेणखत आधी मिसळलेले असावे. ताजे शेण नको. रोपांचा वरचा तिसरा हिस्सा कात्रीने छाटावा, म्हणजे पातीतून पाणी कमी उडते आणि रोप लवकर उभे राहते. दोन ओळींत १५ सेंटिमीटर, दोन रोपांत १० सेंटिमीटर. आमच्या घरात वीत आणि चार बोटे अशी मापे चालतात. वीत त्याहून मोठी पडते, म्हणून या वेळी मुलीची पट्टी घेतली. रोप उथळ लावायचे. मुळे आणि जेमतेम खालची पांढरी गाठ मातीत, बाकी वर. खोल लावले की कांदा लांबट होतो आणि मान जाड राहते. लावल्याबरोबर पाणी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलके आंबवणीचे पाणी, पुढे आठवड्याने चिंबवणी. शेतकरी मुळे बुरशीनाशकात बुडवून लावतात. परसात १२०० रोपांसाठी आम्ही ते केले नाही.

दुपारी ऊन उतरल्यावर सुरुवात केली. अम्मींनी पहिल्या ओळीतली काही रोपे स्वतः लावली, मग कंबरेने नाही म्हटले. मग्रिबच्या आधी तिन्ही वाफे पुरे झाले.

थंडी सोमवारी रात्री आली. नळाशेजारी आम्ही एक साधा तापमापक टांगला आहे. मंगळवारी पहाटे फजरला उठलो तेव्हा तो साडेआठ दाखवत होता, बुधवारी आठ. साताऱ्याच्या मानाने ही चांगलीच थंडी.

आम्ही काय केले आणि त्यातले किती गरजेचे होते, तेही सांगतो. सोमवारी दुपारी हलके पाणी दिले. हे खरोखर उपयोगी. ओली जमीन दिवसा ऊब धरते आणि रात्री हळूहळू सोडते, कोरडी जमीन लवकर गार पडते. ओळींच्या मधून उसाचे पाचट पसरले, तेही चांगले. सातारा-सांगलीत पाचटाला तोटा नाही, ते जाळण्यापेक्षा वाफ्यात घालावे. आणि काठ्या रोवून वरून जुन्या साड्या ताणल्या. ते मात्र आमच्या मनाच्या समाधानासाठी होते. कांद्याचे रोप साताऱ्याच्या थंडीने मरत नाही. फार तर आठ-दहा दिवस जागच्या जागी थांबते, शेंडे पिवळे पडतात, आणि ऊन चढले की पुन्हा निघते. टोमॅटो, वांगी, मिरची यांना साड्या पांघरा. कांद्यावर घातलेल्या आमच्या साड्या दवाने भिजल्या आणि वाळत घालायचे काम वाढले, एवढेच.

त्याच रात्री तासगावला भाईजान बागेच्या कडेने ओला पाला पेटवून धूर करत होते. द्राक्षाचे मणी पाणी भरण्याच्या वेळी थंडी पडली की तडकतात. तो कांदा नव्हे. तिथे एका रात्रीत वर्षाचा हिशेब बिघडतो. सकाळी त्यांनी फोन केला तो आमच्या रोपांची चौकशी करायला. आम्हाला लाज वाटली, त्यांच्या बागेचे आम्ही आधी विचारायला हवे होते. अल्हम्दुलिल्लाह, बाग वाचली.

आम्ही मात्र तेव्हा दवाखान्यात होतो. ऑपरेशन पाऊण तासात झाले. पट्टी बांधून बाहेर आणले तेव्हा अम्मींनी पहिले विचारले ते, "आंबवणी दिली?" दुसऱ्याच दिवशी लावलेल्या रोपांना आंबवणी कशी देणार? पण आम्ही या वेळी समजावत बसलो नाही. "गुरुवारी देतो," म्हटले.

पट्टी निघाल्यावर आठवड्याने त्या परसात आल्या. वाकायची मनाई होती, म्हणून खुर्ची टाकून बसल्या. पंधरा-वीस रोपे मेली होती, नव्वदेक पिवळी दिसत होती, बाकी सगळी सरळ उभी. त्यांनी कुठली ओळ कोणी लावली तेही सांगितले, कारण आमच्या ओळी वाकड्या होत्या.

शाळेत सातवीच्या वर्गात याच आठवड्यात शब्दांची गंमत घेतली. उर्दूच्या तासाला फळ्यावर ‘प्याज’ लिहिले. तो शब्द फारसीतून आला. मराठीच्या तासाला ‘कांदा’. तो ‘कंद’ पासून. आणि अरबीत ‘बसल’. हा तिसरा शब्द कुरआन शरीफमध्ये आहे, सूरह बकराच्या ६१ व्या आयतीत. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांच्याकडे बनी इस्राईलने जमिनीतून उगवणाऱ्या ज्या जिनसा मागितल्या, त्यांत काकडी, लसूण आणि मसूर यांच्याबरोबर कांदाही आहे. एका मुलाने विचारले, "टीचर, मग कांदा मागणं चूक होतं का?" आम्ही सांगितले, हा प्रश्न मौलानांना विचार, पण घरी आईने कांदा आणायला पाठवले तर मात्र जा.

यंदा रमजान थंडीच्या शेपटावर आला आहे. दरवर्षी तो दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. काही वर्षांपूर्वी रोजे एप्रिल-मेच्या उन्हात होते, तेव्हा कांदा काढणी आणि रोजे एकत्र यायचे; सासरे हयात असताना रोजा धरून गोण्या उचललेल्या अम्मींनी पाहिल्या आहेत. आता ते लागणीकडे सरकत आहेत. इफ्तारच्या दस्तरखानावर कांदापात येते, तेव्हा एक आठवण : कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत जाऊ नये, ही ताकीद हदीसमध्ये आहे. शिजवून वास मारला तर हरकत नाही, असे हजरत उमर रजि. यांनी सांगितल्याचेही सहीह मुस्लिममध्ये आहे. म्हणून आमच्याकडे पात इफ्तारला कच्ची नसते, बेसनात परतून झुणका करतो. कच्ची कोशिंबीर तरावीहनंतर, ज्याला हवी त्याला.

आता मूळ प्रश्नाकडे. रोपे पन्नास-पंचावन्न दिवसांची असतील, मानेला बेताची असतील आणि थंडीचा इशारा आला, तर थंडीच्या आधी लावावीत. शक्य तर चार-पाच दिवस आधी, म्हणजे कोमट जमिनीत मुळे धरतील. आमच्याप्रमाणे एकच दिवस आधी लावली तरी फार बिघडत नाही. वाफ्यात थांबवून ठेवणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग, कारण रोप तिथे थंडीही खाते आणि जाडही होते. लागणीनंतर थंडीत युरियाचा मारा करू नये. पात माजते, मान जाड होते आणि कांदा टिकत नाही.

ज्यांची रोपे आता फेब्रुवारीतही वाफ्यातच आहेत, त्यांनी साठवणीच्या कांद्याची आशा सोडावी. ती पातीसाठी दाट लावावीत आणि ईदपर्यंत खुडून खावीत. वाईट वाटेल, पण गेल्या वर्षी आम्हाला कोणी हे सांगितले असते तर आम्ही तीन वाफ्यांचे पाणी वाचवले असते. म्हणजे, सांगितले होतेच.

डेंगळे दिसू लागले की कोवळे असतानाच खुडावेत. त्यांची भाजी चांगली होते, बोंबलाबरोबर तर विशेष. अशा झाडाचा कांदा आधी वापरावा, साठवणीत घालू नये. आणि त्याचे बी धरू नये, कितीही भरलेले दिसले तरी. घाईने फुलणाऱ्याचे बी पुढच्या वर्षीही घाई करते. बियाण्यासाठी न फुललेला, घट्ट मानेचा कांदा ठेवून तो पुढच्या थंडीत लावावा.

आमच्या वाफ्यांत अजून एकही डेंगळा नाही. पण त्याची वेळ मार्चमध्ये असते, तेव्हा आत्ताच काही लिहिणे बरे नव्हे. अम्मी रोज असरनंतर खुर्ची टाकून बसतात. नव्या डोळ्याने त्यांना पातीच्या बेचक्यातले फुलकिडे दिसले, जे आम्हाला चष्म्यातूनही दिसले नव्हते. त्यांचा बंदोबस्त कसा केला, ते इन्शाअल्लाह पुढच्या अंकात.